इथे शेवटचं विमान कुणी थांबवलं?

२ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार. हात ग्रीसने माखलेत, म्हणून लांबूनच.

फोन का नाही केला, असं ताई विचारेल. हँगरमध्ये फोन दारातच जमा करावा लागतो, आणि घरून करतो तेव्हा तुम्ही "अच्छा, अच्छा" म्हणत पुस्तकाचं पान उलटताना मला स्पष्ट ऐकू येतं. पत्र वाचताना निदान दुसरं काही वाचता येणार नाही.

काम असं आहे, की मला एक जाहिरात लिहून हवी आहे.

दीड वर्षापूर्वी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून मी इथे मॅनेजर झालो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही मित्रांना "मेहुणा विमानांचं गॅरेज चालवतो" असं सांगता, तेही मला ताईकडून कळलंय. असू दे. आमच्याकडे येतात ती दहा-बारा माणसांची लहान विमानं. आमचे मेकॅनिक ती उघडतात, तपासतात, बंद करतात आणि कागदावर सही करतात. सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. सहीचा परवाना असलेली दहा माणसं माझ्याकडे होती. तीन महिन्यांत चार गेली. मालकांनी बजावलंय, एकतीस मार्चपर्यंत आठ सह्या उभ्या करा, नाहीतर एप्रिलपासून विमानं दुसरीकडे जातील आणि या शेडला कुलूप. म्हणजे उरलेले सहा घरी, आणि सातवा मी.

लोक का जातात तेच कळत नाही. पगार बाजारभावाने आहे. हत्यारं कंपनीची, कित्येक ठिकाणी माणसाला पान्यांची पेटी स्वतः घ्यावी लागते. कुणाची पाळी कधी, ते महिनाभर आधी लावतो, त्यामुळे घरी दिलेला शब्द पाळता येतो. थंडीत बोटं आखडतात म्हणून हीटर बसवले. शिवाय आमची पाटी आहे! दारातच, पुरुषभर उंचीची: "एकही चूक नाही. सलग दिवस" आणि पुढे आकडा. आज ८७. दीडशे भरले की सगळ्यांना निळं जाकीट, पाठीवर हँगरचं नाव. कल्पना माझी.

सगळ्यात लागलं ते भिंगवालीचं जाणं. गळ्यात कायम भिंग अडकवलेली, बावीस वर्षं या कामात असलेली आमची सर्वांत जुनी मेकॅनिक. मला टॉर्च मारून दिसत नाही ती भेग तिला शिडी चढता चढता दिसते. डिसेंबरात एका ओळीचा राजीनामा दिला. कारण: वैयक्तिक. कप मात्र विसरून गेली. आमच्या हत्यारांच्या बोर्डावर प्रत्येक पान्यामागे त्याची सावली रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की नुसती सावली दिसते आणि काय गायब आहे ते लगेच कळतं. त्याच नादात कुणीतरी चहाच्या खोलीत कपांमागेही सावल्या रंगवल्या. तिचा कप अजून आपल्या सावलीवर लटकतोय.

जाहिरात जोरदार होऊ द्या.

तुमचा
पक्कड


९ जानेवारी

प्रिय पक्कड,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या ताईचे आहेत. तिने मोजून दिले आहेत.

पत्र वाचून ऊर भरून आला. मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो, त्या दिवशी एका नऊ वर्षांच्या मुलाने माझी सायकल "दुरुस्त" करून दिली होती आणि उरलेले तीन नट माझ्या तळहातावर ठेवून, "हे जास्तीचे होते" असं गंभीरपणे सांगितलं होतं. मी परत गेलो तो चालत. त्याच मुलाच्या हवाली आज लोक विमानं करतात, हे पाहून मनुष्यजातीच्या श्रद्धेविषयी माझा आदर दुणावला.

जाहिरात सोबत जोडली आहे. आरंभीचा मासला असा:

"हे अंतरिक्षगामी यंत्रांच्या निष्णात भिषग्वरांनो! ज्यांच्या स्वाक्षरीवाचून वायुयान पंखही हलवू धजत नाही, अशा आपल्यासारख्या कुशल हस्तांची प्रतीक्षा एक उष्ण, सुप्रकाशित व सुनियोजित कार्यशाला करीत आहे..."

तू हसशील. पण भाषा जरा उंच असली की माणूस मान वर करून वाचतो, आणि विमानवाल्यांना त्याची सवय असणारच.

एक सूचना. तुझ्या साऱ्या सोयी ठीक आहेत, पण त्यांतला मुकुटमणी तुला स्वतःलाच ओळखता आलेला नाही. ती पाटी! ती जाहिरातीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत घाल. जिथे सत्त्याऐंशी दिवसांत एक चूक नाही, तिथे काम करणं कोणाला भूषणावह वाटणार नाही? मी तीस वर्षं शिकवतो आहे. निर्दोषतेची ओढ मनुष्याला उपजत असते. हा माझा सिद्धांत आहे, आणि तो तुला फुकट देतो आहे.

तुझा
भाऊजी

(पेन्सिलीने, समासात:) पक्या, बावीस वर्षं हत्यारं मोजून ठेवणारी बाई कप विसरत नसते. बघ बाबा. — ताई


२५ जानेवारी

भाऊजी,

जाहिरात छापली. ऑफिसात टाइप करणाऱ्या बाईंनी मला तीनदा विचारलं, "साहेब, हे विमानांचंच आहे ना?" तुमच्या सल्ल्याप्रमाणे पाटी सगळ्यात वर घातली, चौकटीत.

नऊ जणांनी चौकशी केली, पाच जण आले. दोघे दारातल्या पाटीपाशी उभे राहिले, एकमेकांकडे बघितलं आणि तिथूनच परत गेले. मला वाटलं, पत्ता चुकले. बाकीच्या तिघांना मी सगळं दाखवलं. हीटर दाखवला, पाळ्यांचा तक्ता दाखवला. हत्यारांचा बोर्ड दाखवला, त्यावर एकही जागा रिकामी नव्हती. एकाने भरल्या बोर्डाकडे बघून विचारलं, "आत्ता कुणी काम करत नाहीये का?" मी म्हटलं, "करतायत की, तीन विमानं उघडी आहेत." त्यावर तो नुसता "हं" म्हणाला.

आणि तिघांनीही, अगदी ठरवून आल्यासारखा, एकच प्रश्न विचारला: "इथे शेवटचं विमान कुणी थांबवलं, आणि तो माणूस आता कुठे आहे?"

मी छाती काढून सांगितलं, "आमच्याकडे विमान थांबवायची वेळच येत नाही. एकशे नऊ दिवस झाले!" तिघांनी कॉफी संपवली, कप धुऊन ठेवले, आभार मानले आणि गेले. कप धुणारी माणसं, भाऊजी! अशीच मला हवी होती.

आता एकच उपाय राहिलाय. भिंगवाली तुमच्याच शहरात आहे, विमानतळापलीकडच्या जुन्या हँगरमध्ये. घरचा पत्ता सोबत दिलाय. तुम्ही जाऊन भेटा. तुमच्या बोलण्याने आमचे बाबा पाघळले होते, ही काय चीज आहे. तिला म्हणावं, काय हवं ते माग. ती परत आली तर तिच्यामागून दोघे-तिघे येतील.

आकडा रोज वाढतोय, माणसं वाढत नाहीत.

पक्कड


८ फेब्रुवारी

प्रिय पक्कड,

तुझा दूत जाऊन आला. दोन जिने, गुडघे माझे, हे नमूद असावं.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या पुढ्यात शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडा पडला होता. पांढऱ्या कापडावर एकेक स्क्रू मांडलेला, आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला. आमच्या घरी पंखा उघडला गेला होता तेव्हाचं दृश्य मला आठवलं. तू होतास त्या वेळी.

"त्यांच्या ताईंचे यजमान ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "जाहिरातीवरून वाटलंच होतं, कुणीतरी घरचंच माणूस असणार."

"आपण वाचली?"

"आमच्या हँगरमध्ये भिंतीवर लावलीये. जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचतो. 'भिषग्वर' म्हणजे काय यावर पैज लागलीये."

मी विषयाला हात घातला. म्हटलं, "बाई, इथे पगार बरा आहे का?"

"तिथे जास्त होता."

"पाळ्या?"

"आदल्या दिवशी कळतात."

"पण हीटर तरी..."

"हीटर नाहीच. मोजे दोन घालते."

"मग आपण तिथून निघालात कशासाठी?"

त्यांनी एक स्क्रू भिंगाखाली धरला, फिरवून पाहिला, आपल्या गोलात ठेवला आणि म्हणाल्या, "माझा आरसा हरवला होता."

तुला आठवत असेल. डिसेंबरच्या सुरुवातीला लांब दांडीचा त्यांचा तो छोटा आरसा, पॅनेलच्या मागे बघायचा, दिसेना. त्यांनी काम थांबवलं. दोन तास सगळे शोधत होते. शेवटी तो ट्रॉलीत फडक्याखाली निघाला. तू आलास आणि म्हणालास, "सापडला ना? मग हे काही धरायचं नाही. पाटी तशीच राहू दे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हसत म्हणालं, "बाई, आमची जाकिटं घालवत होतात की!"

मी म्हटलं, "पण यात तो वाईट कुठे वागला?"

"वाईट वागलेच नाहीत हो. फार चांगला माणूस आहे. रागावले असते तर मी राहिले असते."

"म्हणजे?"

"रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. खूश झालेल्याशी कसं भांडणार? त्यांना इतकं बरं वाटलं होतं, की पुन्हा काही हरवलं तर त्यांचा चेहरा पडेल या भीतीने कुणी बोलायचंच नाही. आठ दिवसांत तिघांच्या खिशात घरून आणलेल्या सॉकेट आल्या. एखादी हरवली, तर बोर्डावरची सावली भरून टाकायला."

सॉकेट म्हणजे पान्याच्या टोकाला बसवायची अंगठ्याएवढी पोलादी टोपी, असं त्यांनी मला सांगितलं. पुढचं मी त्यांच्याच शब्दांत देतो:

"मी सही करते ती माझ्या डोळ्यांवर नाही करत. पॅनेल बंद झालं की आत काय राहिलं ते या भिंगातूनही दिसत नाही. ज्याने बंद केलं त्याच्या तोंडावर माझी सही असते. तो 'माझं हरवलंय' म्हणेल, एवढ्या एका भरवशावर. म्हणून नोकरी बघताना पगार मी शेवटी विचारते. आधी विचारते, इथे शेवटचं विमान कुणी थांबवलं, आणि तो माणूस आता कुठे आहे? 'त्याला काढला' म्हणाले तर येत नाही. 'कुणीच थांबवलं नाही' म्हणाले तर पळत सुटते."

पक्कड, तुझे ते कप धुणारे तिघे तुला आठवले असतील. मला माझा सिद्धांत आठवला. तो तुला फुकट दिला होता हे बरं झालं. परत घेताना हिशेब नाही. ती पाटी ठळक अक्षरांत घालायला मी सांगितलं, आणि तुझ्या दारातून माणसं परत पाठवण्याच्या पुण्यकर्मात निम्मा वाटा माझा आहे. पण उरलेला निम्मा तुझा. पाटी उतरव.

निघताना मी विचारलं, "आणि कप विसरलात तो?"

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "काढायला हात गेला नाही."

तुझी ताई हे ऐकून दोन दिवस घरात विजयी मुद्रेने वावरते आहे.

भाऊजी


१२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्हाला जाहिरात लिहायला सांगितली होती, निकालपत्र नाही.

माझी माणसं माझ्यापासून काही लपवत नाहीत. मी त्यांच्याबरोबर जेवतो. आज १२८ दिवस झाले. जाकिटं शिवायला टाकली आहेत, दीडशेव्या दिवशी वाटायची आहेत, मालक येणार आहेत. अशा वेळी पाटी उतरवायची म्हणजे सहा जणांच्या तोंडचा घास काढायचा. ते तुमच्या भिंगवालीला सांगा.

ताईला नमस्कार.

पक्कड


२० फेब्रुवारी

प्रिय पक्कड,

चार दिवस तुझं पत्र पुस्तकात खूण म्हणून वापरलं, म्हणजे रोज नजरेस पडावं. तू रागावलास हे ठीकच झालं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, असं एका जाणकार बाईंचं मत आहे.

पण भांडत नाही. एक गोष्ट सांगतो, तीही स्वतःवरची.

तीस वर्षं मी प्रत्येक तासाच्या शेवटी वर्गाला विचारत आलो, "शंका?" तीस वर्षांत एकाही हाताने मला त्रास दिला नाही. याचा अर्थ मी काय लावला असेल, ते मला ओळखणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. गेल्या सोमवारी, तुझ्या बाईंचं बोलणं डोक्यात घोळत असताना, मी फळ्यावर श्लोकाचे दोन चरण मुद्दाम एकमेकांच्या जागी लिहिले. अर्थ असा झाला, की राजा वनात जाण्याआधीच वनातून परत आला. एकेचाळीस मुलांनी ते सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतलं. मग विचारलं, "शंका?" सर्वत्र शांतता.

तास संपल्यावर शेवटच्या बाकावरच्या मुलीला थांबवलं. "तुला खटकलं नाही?"

"खटकलं, सर."

"मग बोलली का नाहीस? मी रागावतो का?"

"नाही सर, तुम्ही कधीच रागावत नाही," ती म्हणाली. "पण कुणी शंका विचारली नाही की तुम्ही इतके खूश होता!"

पक्कड, मीसुद्धा मुलांबरोबर जेवतो.

तू पाटी उतरव असं मी आता म्हणणार नाही. ज्याची पाटी त्याने पाहावं. इतकंच विचारतो: माझ्या सायकलीचे उरलेले तीन नट त्या दिवशी तू माझ्या हातावर ठेवलेस. मी चालत घरी गेलो, पण धडधाकट गेलो. ते तू खिशात घातले असतेस तर?

भाऊजी

(समासात:) पक्या, जेवतोस ना वेळेवर? रुसून उपाशी राहायची तुझी जुनी खोड आहे. — ताई


७ मार्च

भाऊजी,

तीन आठवडे पत्र नाही, म्हणून ताई काळजी करत असेल. बरा आहे. जेवतोय.

परवा १४९ वा दिवस होता. जाकिटांचं खोकं ऑफिसात येऊन पडलं होतं. मालक संध्याकाळी येणार होते, आमच्याकडचंच एक विमान घेऊन पुढे जाणार होते, आणि दुसऱ्या दिवशी परत आल्यावर जाकिटं वाटणार होते. ते विमान तपासून झालं होतं. बंद करायच्या आधी मी स्वतः एकदा आत शिरलो. वैमानिकाच्या पायाखालची जमीन उघडी होती, तिथून सुकाणूच्या तारा जातात. पालथा पडून टॉर्च मारून बघितलं, ठीक होतं. बाहेर आलो. त्यांनी पॅनेलं लावली, स्क्रू पिळले. साडेबारा वाजता जेवायला बसलो आणि चष्मा काढायला खिशात हात घातला. चष्मा होता. टॉर्च नव्हती.

भाऊजी, ती टॉर्च माझी स्वतःची. बोर्डावर तिची सावली नाही. हरवली हे जगात फक्त मला ठाऊक होतं. समोर सहा जण डबे खात होते, ठोकळा जाकिटाच्या मापावरून कुणाची तरी थट्टा करत होता. (ठोकळा म्हणजे आमचा सगळ्यात दांडगा मेकॅनिक. बोलतो कमी, हसतो जास्त.) मी मनात म्हटलं, गाडीत राहिली असेल. मग म्हटलं, घरी असेल. तिसरी जागा शोधत होतो, आणि तेवढ्यात लक्षात आलं की मी टॉर्च शोधत नाहीये, सबब शोधतोय. खिशातल्या सॉकेट आठवल्या. तुमचे ते तीन नट आठवले. आणि मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा तुमच्यासमोर हात पुढे करताना मला जराही भीती वाटली नव्हती, तेही आठवलं.

उभा राहिलो आणि म्हटलं, "माझी टॉर्च हरवलीये. बहुतेक विमानात आहे. काम थांबवा."

कुणाचा घास तोंडात, कुणाचा हातात. सगळे माझ्याकडे बघत होते. मग एक जण म्हणाला, "साहेब, पाटी?"

मी म्हटलं, "पाटी गेली खड्ड्यात. शिडी आणा."

सव्वापाच तास लागले. जमीन पुन्हा उघडली. नव्हती. खुर्ची काढली, पुढचं पॅनेल काढलं, जे फक्त मोठ्या तपासणीत काढतात. तारा जिच्यावरून फिरतात त्या कप्पीच्या मागे एक खळगा आहे. आत पडलेलं सगळं घरंगळत तिथे जातं, आणि तारेत अडकलं तर हवेत सुकाणू जाम. तिथे माझी टॉर्च होती. आणि तिच्या शेजारी, तारेपासून बोटभर अंतरावर, एक सॉकेट.

मी बोर्डाकडे बघितलं. बोर्ड भरलेला होता. एकही सावली रिकामी नव्हती.

मग ठोकळा पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "माझी आहे. महिना झाला. वाटलं, बाहेर कुठेतरी पडली असेल. घरची आणून लावली." एवढं बोलून तो शिडीच्या पायरीवर खाली बसला.

ते विमान त्या महिन्यात अकरा वेळा उडालं होतं.

मालक सहा वाजता आले. "विमान दारात का नाही?" मी काही न सांगता ती सॉकेट त्यांच्या तळहातावर ठेवली आणि कुठे मिळाली ते दाखवलं. त्यांनी ती बोटांत फिरवून बघितली. मग म्हणाले, "मी गाडीने जातो." जाताना सॉकेट खिशात घालून घेऊन गेले. मार्चअखेरचं काय, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

पाटी मी काल उतरवली. एकट्याला पेलेना, सगळ्यांनी हात लावला.

तुमचा
पक्कड


१४ मार्च

प्रिय पक्कड,

तुझं पत्र तुझ्या ताईने दोनदा वाचलं आणि मग काही वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहिली. त्याचा अर्थ तुला कळेल.

मी तुला आयुष्यभर चिडवत आलो आहे, आणि या वयात सवय मोडणं शरीराला बरं नाही. म्हणून एवढंच लिहितो, की ज्या दिवशी तू आपली चूक सर्वांसमोर पत्करलीस त्या दिवशी मी तुला मॅनेजर मानू लागलो.

तुला न विचारता एक आगळीक केली आहे. तेच पत्र घेऊन पुन्हा दोन जिने चढलो. बाईंनी भिंग लावून वाचलं. अक्षर तुझं तसं आहेच, पण मला वाटतं त्यांना शाईखालचंही पाहायचं होतं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी एकच विचारलं, "ठोकळा अजून तिथेच आहे का?"

मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. तू ते लिहिलेलंच नाहीस! पाटीला किती जणांनी हात लावला ते लिहिलंस, आणि मुख्य गोष्ट राहिली. मी म्हटलं, "ते आपणच जाऊन विचारा, बाई. माझे गुडघे संपले."

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. पंखा मात्र दुरुस्त झाला होता, आणि एकही स्क्रू उरला नव्हता. पाहून शिक.

भाऊजी


२९ मार्च

भाऊजी,

काल भिंगवाली आली. फोन नाही, कळवलं नाही. रीतसर अर्ज हातात, बाहेरच्या बाकावर बाकीच्यांसारखी बसली. ऑफिसातल्या बाई मला सांगायला आल्या, "साहेब, मुलाखतीला आल्यात म्हणतायत." मी पण मग रीतसर खुर्चीवर बसलो. घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू.

आत आली, बसली आणि ओळखपाळख नसल्यासारखं विचारलं, "इथे शेवटचं विमान कुणी थांबवलं?"

मी म्हटलं, "मंगळवारी. ठोकळ्याने. त्याचा पाना सापडत नव्हता."

"आणि तो आता कुठे आहे?"

"तीन नंबरच्या विमानात. पाना त्याच्याच पायाखाली निघाला. सगळे पोट धरून हसले, तोही हसला. त्याच्या आधी एकदा थांबलं होतं, ते मी थांबवलं."

"आणि तुम्ही?"

"इथेच आहे. तुमच्यासमोर."

ती हसली नाही. उठून बाहेर गेली आणि हत्यारांच्या बोर्डासमोर उभी राहिली. अकरा सावल्या रिकाम्या होत्या, आणि प्रत्येकीवर ज्याने पाना नेला त्याच्या नावाची चिठ्ठी. तिने अकराच्या अकरा चिठ्ठ्या वाचल्या. मग आत येऊन अर्ज टेबलावर ठेवला. पगाराची जागा कोरी होती. म्हणाली, "हे आता विचारा."

मालकांना फोन केला. ती सॉकेट ते टेबलावर कागद दाबायला वापरतात, असं त्यांच्या ऑफिसातून कळलं. म्हणाले, "किती सह्या झाल्या?" म्हटलं, "सात. आठवा अजून नाही." तर म्हणाले, "मग सात माणसांत नीट होईल तेवढीच विमानं घ्या. बाकीची थांबतील." कुलपाचं नाव काढलं नाही. जानेवारीत पाटीपासून परत गेलेल्या दोघांपैकी एकाने कालच पुन्हा चौकशी केली. मात्र त्याने जाहिरात लिहिणारे गृहस्थ इथेच असतात का, असंही विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं.

जाकिटं वाटून टाकली. पाठीवर हँगरचं नाव आहे, आकडा नाही, त्यामुळे चालून गेलं. एक तुमच्यासाठी पाठवतोय. सगळ्यात मोठं माप आहे. तरी पोटावर बसलं नाही, तर ती चूक शिंप्याची नाही.

ताईला सांगा, ती म्हणाली ते खरं होतं. अर्ज घेतला तेव्हा मी भिंगवालीला विचारलं, अजून काही हवंय का? म्हणाली, "नको." आणि सरळ चहाच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. ती खुंटीसमोर उभी होती. कप काढून तिने बोटाने आतली तीन-चार महिन्यांची धूळ पुसली, मग त्याच्यामागच्या रिकाम्या सावलीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच हसली.

"चहा ठेवा," म्हणाली. "तोवर तीन नंबरचं विमान बघून येते."

तुमचा
पक्कड